लाल झेंडा कोणाच्या खात्यात?

९ सप्टेंबर १९६८, सोमवार

विमान उतरलं! अमडापूरच्या गायरानात, खरंखुरं, पिवळंधमक विमान! सगळ्यात आधी पळाले सरपंचांचे बैल. मग सरपंच उत्तमराव. बैल धरायला पळालो, असं ते सांगतात. पण बैल डावीकडे गेले होते आणि सरपंच उजवीकडे.

पऱ्हाटीवर बोंडअळी पडलीय. सगळ्या तालुक्यात. सरकारनं मुंबईच्या एका कंपनीला सांगितलं, वरून औषध मारा. कंपनीनं तंबू ठोकले, पिंपं उतरवली, गायरानातले दगड वेचून लांब पट्टी केली. आणि आज विमान.

बीडीओसाहेबांनी चिखलीला बोलावून घेतलं. म्हणाले, "सिंधूबाई, विमान कंपनीचं, पण गाव तुमचं. औषध पडायच्या दिवशी विहिरी झाकलेल्या पाहिजेत, जनावरं बांधलेली पाहिजेत, पोरं घरात. ही जबाबदारी ग्रामसेविकेची."

"विहिरी झाकायच्या कशानं, साहेब?"

"ते ग्रामपंचायत बघेल."

ट्रेनिंगमध्ये मला बिनधुराची चूल शिकवली, बाळाची अंघोळ शिकवली, कपडे बेतायला शिकवले. विमानाचं काही नव्हतं. जाऊ दे! मी इतकं शिकवूनही गावात बिनधुराची चूल एकच आहे. तीही माझी. आणि तीही धूर करते.

११ सप्टेंबर, बुधवार

तंबूत जाऊन 'कंपनी' पाहून आले. माणसं मूठभर, पण खाती! तिथं कोणी कोणाला नावानं हाक मारत नाही. खात्यानं मारतात. "ए स्टोअर, चहा घे!" असं.

कॅप्टन म्हणजे विमान चालवणारे. नाशिककडचे, पूर्वी हवाई दलात होते. बोलायला गोड. त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. "विमान उडवणं एवढंच माझं काम, बाई. ते उडण्यालायक आहे की नाही, हे इंजिनियर ठरवणार. त्याची सही नसेल तर मी त्याला हातसुद्धा लावत नाही. पेट्रोल आणि सुटे भाग स्टोअरचे. टाकीत औषध किती, पाणी किती, वजन किती, हे ट्रॅफिक बघणार. वावरात झेंडे धरून उभे राहतात ते ग्राउंड. आणि आज कोणत्या शिवारात जायचं, हे ठरवणार ऑपरेशन."

"ऑपरेशन कोण?"

त्यांनी खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर ठेवली. "मी."

मी हसले. ते हसले नाहीत. टोपी घालून त्यांनी कागदावर हुकूम लिहिला. मग टोपी काढली, तोच कागद हातात घेऊन वाचला आणि मान हलवून म्हणाले, "हं, ठीक आहे."

इंजिनियर हैदराबादकडचा. माणसांशी बोलत नाही, विमानाशी बोलतो. स्टोअरवाला पिंपावर बसून असतो, जसं काही खाली पेट्रोल नसून अंडी आहेत. आणि ट्रॅफिकवाला! त्याच्याकडे मोठा काटा आहे, आणि जे दिसेल ते तोलायची खोड. मला पहिलाच प्रश्न, "तुमचं वजन?"

म्हटलं, "ते तुमच्या खात्यात येत नाही."

ग्राउंडमध्ये आमचा जानराव लागलाय. मी बौद्धवाड्यात ज्या कलाबाईच्या घरी भाड्यानं राहते, तिचा नवरा. मोठा पांढरा झेंडा मिळालाय त्याला. कलाबाई म्हणते, "घरात मले पानी आनून देत नाई, अन् आता इमानाले रस्ता दाखवून राह्यला!"

१२ सप्टेंबर, गुरुवार

विमान उडालं नाही. इंजिनियरच्या पेनातली शाई संपली, शाईची दौत स्टोअरमध्ये, आणि स्टोअरवाला चिखलीला! कॅप्टन म्हणाले, शाई माझ्याकडे आहे, पण ती ऑपरेशनची.

१४ सप्टेंबर, शनिवार

हसून हसून पोट दुखतंय. लिहिते.

सकाळी उत्तमराव तंबूपाशी आले. नवा फेटा, मिशांना तेल, पायात करकरीत जोडा. मला बाजूला घेतलं. "ताई, मले इमानात बसाचं हाय. एकच चक्कर. माह्या वावरावरून."

विमानात बसायला जागा एकच. कॅप्टनची. बाकी सगळी टाकी. हे मला ठाऊक होतं, आणि मी सांगायला तोंडही उघडलं होतं. पण त्या मिशांच्या तेलाचा वास आला आणि माझ्या अंगात खोडी शिरली.

"सरपंचसाहेब, इथं थेट काही होत नाही. खात्याखात्यातून जावं लागतं."

"जाऊ ना! पंचायतीत काय वेगळं हाय?"

कॅप्टननी माझ्याकडे एकदाच पाहिलं. समजले. म्हणाले, "माझ्या हातात काही नाही. ऑपरेशनला विचारा."

"कोन हाय ऑपरेशन?"

टोपी डोक्यावर. "बोला."

उत्तमरावांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि तीच विनंती पहिल्यापासून पुन्हा केली! ऑपरेशननं सांगितलं, आमची हरकत नाही, इंजिनियरची सही आणा. इंजिनियर विमानाच्या पंखाखालून म्हणाला, "आदमी मेरा काम नहीं. ट्रॅफिक." ट्रॅफिकवाल्याचा चेहरा असा खुलला! काट्यावर चढवलं. फेट्यासकट तोललं. मग फेटा काढून. मग जोडे काढून. तोवर निम्मं अमडापूर जमलं होतं. "वजन जास्त भरतंय. तेवढं पेट्रोल कमी करावं लागेल. स्टोअरला विचारा." स्टोअरवाला पिंपावरून न उठता म्हणाला, पेट्रोल कमी करायला ऑपरेशनचा हुकूम लागतो. परत टोपी!

शेवटी हुकूम झाला. सरपंच विमानापाशी आले, फेटा सावरला, शिडीवर चढले, आत पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले.

"म्या कुठं बसू?"

इंजिनियर आज पहिल्यांदाच एका माणसाशी नीट बोलला. टाकीचं झाकण उघडून म्हणाला, "इधर जगह है, साब. दवाई के साथ."

गाव असं हसलं की बैल पुन्हा उधळले. उत्तमरावही हसले. हसले म्हणजे दात दाखवले.

१५ सप्टेंबर, रविवार

कोतवाल मोतीराम येऊन दारात उभा राहिला. "ताई, सरपंचाले समजलं. जागा एकच हाय, हे तुमाले पयलेच मालूम होतं म्हून."

"कोणी सांगितलं?"

"ट्रॅफिकनं."

कलाबाईनं भाकरी थापता थापता माझ्याकडे पाहिलंही नाही. "लय हुशारी झाली तुही. त्याचं वावर कुठं हाय, ते पाह्यलं का?"

पाहिलं नव्हतं. म्हणजे रोजच पाहते, पण त्या नजरेनं पाहिलं नव्हतं.

१६ सप्टेंबर, सोमवार

उत्तमरावांची पऱ्हाटी आमच्या विहिरीला लागून आहे. अगदी लागून. बोंडं वाऱ्यानं हलली की कठड्याला लागतात. बुधवारी सकाळी त्याच वावरात औषध.

औषध म्हणजे एंड्रिन. ओढ्यात थेंबभर गेलं तर मासे उलटे होऊन वर येतात. माणसाचं तर बोलायलाच नको.

ही विहीर वाड्यातल्या माणसांनी स्वतः खणली. धर्म बदलला त्यानंतरच्या उन्हाळ्यात. त्याआधी पाण्यासाठी काय करावं लागायचं, ते कलाबाई सांगत नाही. नुसता हात झटकते. वाड्याला दुसरं पाणी नाही.

पंचायतीकडे टिनाचे पत्रे आले आहेत. गावातल्या विहिरी झाकायला सुरुवातही झाली. मी उत्तमरावांकडे गेले. ओसरीवर बसले होते. बस म्हणाले नाहीत.

"सरपंचसाहेब, वाड्यातल्या विहिरीला पत्रे पाहिजेत."

"ते इहीर पंचायतीची नाई, ताई. तुमची तुम्ही खनली. तुमची तुम्ही झाका."

"पण वावर तुमचं आहे."

"हाव. वावर माहं. पन औषध कंपनीचं." आणि मग अगदी हळू, अगदी गोड आवाजात, "खात्याखात्यातून जा ना."

गेले! काय करणार? कॅप्टन म्हणाले, "मी विमानात असतो, विहीर जमिनीवर." टोपीवाले कॅप्टन म्हणाले, "शिवार पंचायतीनं ठरवून दिलंय, मला बदलता येत नाही." इंजिनियरनं मान हलवली. ट्रॅफिकवाला म्हणाला, विहीर तोलता येत नाही. स्टोअरवाल्याकडे ताडपत्री आहे, पण ती पिंपांची. सायकलनं चिखलीला गेले. बीडीओसाहेब म्हणाले, "बाई, झाकणं पंचायतीचं काम, हे मी तुम्हाला सांगितलं होतं."

परत येताना सायकल ढकलतच आले. मी उत्तमरावांना शनिवारी जसं फिरवलं, तसंच मला आज फिरवलं. फरक एवढाच, की मला बघायला गाव जमलं नाही.

१७ सप्टेंबर, मंगळवार

बायकांनी पोती शिवली. कलाबाई, तिच्या दोन्ही जावा, म्हातारी बनाबाई, सगळ्या बसल्या. दुपारी विहिरीवर ताणून पाहिली. मधेच झोळ. बनाबाईनं वरून तांब्याभर पाणी ओतलं. चहाच्या गाळण्यासारखं सगळं खाली! पोती गुंडाळली.

संध्याकाळी जानरावला विचारलं, तू झेंडा धरून नेमकं काय करतोस?

"काई नाई. उभा राह्यतो. इमान माह्या अंगावर सरळ येते, औषध सोडते, डोक्यावरून जाते. मंग चार पावलं बाजूले सरकतो. पुन्हा येते."

"आणि औषध बंद कर, असं सांगायचं झालं तर?"

डोकं खाजवलं. "तसा झेंडाच नाई, ताई."

मग तंबूत गेले. कॅप्टन चहा पीत होते, टोपी खुंटीवर. सहज विचारते असं दाखवून विचारलं, "समजा, वावरात कोणी लाल झेंडा दाखवला, तर?"

"लाल म्हणजे बंद. लालला कोणी विचारत नाही, तू कोणत्या खात्यातला."

"तुम्हीही नाही?"

"मीही नाही." चहा संपवला. "का हो, बाई?"

"काही नाही. ज्ञानात भर."

लाल कापड वाड्यात कोणाकडे? कलाबाईचा परकर! लग्नातला, अजून रंग टिकून आहे. मागितला तर लाजली, मग भांडली, मग स्वतःच पेटीतून काढून दिला. "फाडू नको. नाडा बी राहू दे."

जानरावनं वेळूची काठी तासून दिली.

१८ सप्टेंबर, बुधवार

काठी हलवून हलवून हात भरून आलाय. अक्षर बघा कसं!

उजाडता उजाडता कठड्यावर चढले. वारा नव्हता. पऱ्हाटीवर दव. पलीकडे जानराव पांढरा झेंडा घेऊन उभा. वाड्यातली दारं बंद, पोरं आत, पण प्रत्येक फटीतून डोळा. कलाबाई मात्र दारातच उभी होती. आत जा म्हटलं, गेली नाही.

आधी आवाज आला. मग गायरानाकडच्या बाभळींवरून ते वर आलं आणि वळलं. पहिली चक्कर लांब, वावराच्या पलीकडच्या कडेला. पांढरा धूर असा पसरत गेला, आणि वास! डोळे चुरचुरले. दुसरी चक्कर जवळ. तिसरी अजून जवळ. जानराव चार पावलं सरकला, पुन्हा चार पावलं सरकला. आता त्याच्या झेंड्याच्या मागे मी होते.

मी परकर वर केला.

खालून ते इतकं मोठं दिसतं हे मला माहीत नव्हतं! पुढचा पंखा दिसत नाही, नुसती एक थरथर दिसते. पऱ्हाटीला चाकं लागतील इतकं खाली. मागे पांढरा पडदा. मी काठी हलवत होते, ओरडत होते. काय ओरडत होते देव जाणे. म्हणजे देव मी मानत नाही, पण तेव्हा कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पडदा वावराच्या मध्यापर्यंत आला. मग विहिरीच्या अलीकडे चार-पाच काकऱ्यांवर...

तुटला.

एकदम. कोणी दोरा कापावा तसा. विमान डोक्यावरून गेलं. परकर फडफडून माझ्याच तोंडावर आला आणि मी कठड्यावरून मागे पडले. विहिरीत नव्हे, गवतात! कलाबाई धावत आली. "मेली का व?" म्हटलं, "नाही." तर मलाच झोडपायला लागली.

विमान वर एक घिरटी घालून गायरानाकडे गेलं आणि आज पुन्हा आलंच नाही. ऊन वाढलं, वारा सुटला.

दुपारी विहिरीत वाकून पाहिलं. मासे खेळत होते. बनाबाईनं पोळीचा तुकडा टाकला, तर भांडायला लागले. मग सगळ्यांनी पाणी भरलं. मी साडी चार पाण्यातून काढली तरी वास जात नाही.

१९ सप्टेंबर, गुरुवार

उत्तमराव चिखलीला गेले. बीडीओसाहेबांचा कागद आला. 'अनधिकृत झेंडा दाखवून शासकीय कामात अडथळा आणला, खुलासा करा.' मुंबईहून कंपनीचे मोठे साहेब चौकशीला येणार म्हणे.

नोकरी जाईल का? वडिलांना काय लिहू? मेहकरला ते सगळ्यांना सांगत फिरतात, आमची सिंधू सरकारात आहे.

२० सप्टेंबर, शुक्रवार

तंबूत मला कोणी ओळखत नाही. स्टोअरवाला म्हणाला, झेंडा आमच्याकडून दिलेला नाही. ट्रॅफिकवाला म्हणाला, आमच्याकडे तोलून गेलेला नाही. इंजिनियर विमानाशी बोलत होता. कॅप्टन मोताळ्याकडे गेलेत, पुढची जागा बघायला. आता खात्यांना माझी गंमत वाटत नाही. मलाही वाटत नाही.

२३ सप्टेंबर, सोमवार

झाली चौकशी! सगळं लिहून काढते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

मोठ्या तंबूत टेबल. मोठे साहेब जाड चष्म्याचे, सारखा रुमालानं घाम पुसणारे. शेजारी बीडीओसाहेब. समोर उत्तमराव, फेट्यासकट. सगळी खाती एका रांगेत उभी. मी टोकाला. कलाबाई तंबूच्या दोरीपाशी, झेंड्याची मालकीण म्हणून.

उत्तमरावांनी सांगितलं. त्यांच्या पऱ्हाटीचा एक तुकडा कोरडा राहिला, अळी तिथं माजली, आणि हे सगळं एका बाईनं केलं जिला कसलाच हक्क नाही. तसं पाहिलं तर खोटं काहीच नव्हतं.

मोठे साहेब म्हणाले, "नमुना हजर करा."

मी काठीसकट टेबलावर ठेवला. त्यांनी उलगडला. नाडा लोंबत होता. बीडीओसाहेब वर छताकडे पाहायला लागले.

"ही दोरी कशासाठी?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "वाऱ्याची दिशा कळायला, साहेब."

मागे कलाबाईला ठसका लागला.

मोठ्या साहेबांनी नाडा दोन बोटांत धरून पाहिला. मान डोलावली! मग रांगेकडे वळले. "हा लाल झेंडा कोणाच्या खात्यातला?"

स्टोअर म्हणालं, आमचा नाही. ट्रॅफिक म्हणालं, आमचा नाही. इंजिनियर म्हणाला, "नहीं, साब." उत्तमराव पुढे सरकून बसले.

साहेबांनी कॅप्टनना विचारलं, "तुम्ही औषध का बंद केलंत?"

कॅप्टन टोपी हातात धरून उभे होते. घातली नाही. "लाल झेंडा दिसला, साहेब. बंद केलं. लाल दिसल्यावर विचारत बसायचं नसतं."

साहेबांनी चष्मा काढला. रुमाल गळ्यावरून फिरवला. मग म्हणाले, "मागच्या महिन्यात आमच्या दुसऱ्या एका कॅम्पात पाण्याच्या टाक्यावर औषध गेलं. जनावरं दगावली. दोन माणसं दवाखान्यात नेली. तिथं असा एक झेंडा असता तर... फार चांगली व्यवस्था आहे ही. कोणी केली?"

आणि मग!

स्टोअर म्हणालं, काठी आमच्याच वेळूची. ट्रॅफिक म्हणालं, जमिनीवरची सगळी माणसं ट्रॅफिकच्या हाताखाली. इंजिनियर खणखणीत म्हणाला, "सेफ्टी तो इंजिनियरिंग में आता है, साब!" बीडीओसाहेब खाकरले. "आमच्या ग्रामसेविकेला मीच तशा सूचना दिल्या होत्या." सगळे एकदम बोलायला लागले. माझ्या झेंड्याला इतके बाप निघाले की मी आईसुद्धा आहे की नाही, अशी शंका यायला लागली.

उत्तमराव एकटेच गप्प होते. त्यांचं तोंड पाहून मला हसू आलं नाही. कसं सांगू? शिडीवर चढून आत पाहताना होतं ना, तसंच होतं.

साहेबांनी निकाल दिला. विहिरीजवळ औषध मारताना लाल झेंडा सक्तीचा. तो धरायचा ग्रामसेविकेनं किंवा तिनं नेमलेल्या माणसानं. विहिरी झाकणं पंचायतीचं काम, मग ती कोणीही खणलेली असो. सरपंचांचा राहिलेला तुकडा उद्या, वारा बघून, विहिरीवर पत्रे घातल्यावरच. खुलाशाचा कागद बीडीओसाहेबांनी परत घेतला आणि घडी करून खिशात ठेवला, जसा काही कोणा दुसऱ्यानंच काढला होता.

कलाबाईनं परकर मागितला. साहेब म्हणाले, नमुना म्हणून मुंबईला जाईल.

"माह्या लग्नातला हाय, साहेब!"

मिळाला नाही. तिला नवा आणून द्यायला पाहिजे.

२४ सप्टेंबर, मंगळवार

पत्रे आले. मोतीरामनं आणले, आणि मागून उत्तमराव स्वतः. ते आमच्या विहिरीपाशी कधी आलेले मी पाहिलं नव्हतं. जानराव आणि त्यांचा गडी पत्रे बसवत होते, तर यांनी कडेचा दगड आपल्या हातानं उचलून वर ठेवला.

म्हणाले, "ताई, एक सांगू का? मले लहानपनापासून वाटे. घार पाह्यली का वाटे. वरतून आपलं वावर कसं दिसत असन?"

म्हटलं, "सरपंचसाहेब, शनिवारी मी चुकले."

"हाव, चुकल्या," ते म्हणाले. दगड नीट बसवत, "मी बी."

संध्याकाळी त्यांना घेऊन तंबूत गेले. कोणत्याच खात्याला विचारलं नाही. कॅप्टननी त्यांना स्वतःच्या जागेवर बसवलं, आणि इंजिनियरनं विमान सुरू केलं. उडालं नाही, नुसतं पट्टीच्या टोकापर्यंत चालत गेलं आणि परत आलं. कॅप्टन पंखाला धरून बाजूनं धावत होते. फेटा उडाला. उत्तमराव खाली उतरले तर डोळे लाल. म्हणाले, धुळीनं.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

मुंबईहून बैलगाडीभर सामान आलं. त्यात गठ्ठा लाल झेंड्यांचा. मुख्य ऑफिसनं 'नमुन्याप्रमाणे' शिवून घेतलेत. प्रत्येकाला नेफा. प्रत्येकाला नाडा!

कलाबाई एक पोटाला लावून वाड्यात फिरून आली. सगळा वाडा लोळला.

२८ सप्टेंबर, शनिवार

कॅम्प उठला. पुढची जागा धामणगाव बढे. कॅप्टन निघायच्या आधी विहिरीपर्यंत चालत आले. म्हणाले, "बाई, एक सांगायचं राहिलंय. मला तो झेंडा दिसलाच नव्हता."

मला वाटलं गंमत करतायत.

"टाकी संपली होती. ट्रॅफिकनं कमी भरली होती त्या दिवशी. मी टाकीच्या काट्याकडे बघत होतो. तुम्ही मला दिसलातच नाही. वर वळताना खाली काहीतरी लाल दिसलं. वाटलं, कोणाचं तरी धुणं वाळतंय."

"मग चौकशीत?"

"तुमची नोकरी जात होती." टोपी हातात फिरवत राहिले. "आता मी बघत जाईन. पण कंपनीत कॅप्टन मी एकटा नाही."

ते गेले. विमान गेलं. मी हसले. मग कठड्यावर बसले.

धामणगाव बढेची ग्रामसेविका आशा. आम्ही एकत्र ट्रेनिंग केलं. तिच्या हातात आता नाड्याचा झेंडा जाईल, आणि तिकडची टाकी भरलेली असेल.

सकाळच्या पहिल्या एस.टी.नं निघते. तिला एवढंच सांगायचंय, झेंड्यावर विसंबू नको, विहिरीवर पत्रे घाल. आधी पत्रे.